मेणाचा साबण : घरी कसा करावा, आणि त्यात मेणाचा वाटा किती

कामगार संघटनेच्या माणसाने साबणावर काय बोलावे, असा प्रश्न विषयपत्रिका पाहून पुष्कळांच्या मनात आला असेल. परंतु भिवंडीच्या यंत्रमागावर पाळी संपवून घरी जाणाऱ्या माणसाचे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हा प्रश्न पडणार नाही. तेल, काजळी आणि साइझिंगच्या खळीचा थर मनगटापर्यंत चढलेला असतो, आणि तो उतरविण्यास साबणावाचून दुसरा उपाय नाही. साबण ही कष्टकऱ्याची पहिली गरज होय. सुगंध वगैरे पुढच्या गोष्टी. रसायनशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही. जे कळले ते वाचनालयातील पुस्तकांतून, प्रोसेस हाउसमधील कामगारांच्या तोंडून आणि घरच्या ओटीवर चार भांडी मांडून कळले. तेव्हा पंडिती भाषा येथे मिळणार नाही, पण हिशेब मात्र चोख मिळेल.

अलीकडे ‘मधमाशीच्या मेणाचा नैसर्गिक साबण’ असे शब्द दुकानांत वारंवार दिसू लागले आहेत. गणेशपुरी-वज्रेश्वरीस येणाऱ्या यात्रेकरूंस असा साबण करून विकता येईल काय, अशी विचारणा आमच्याकडेही दोन-तीन बचत गटांतील भगिनींनी केली. त्या विचारण्यातूनच हे व्याख्यान झाले. म्हणून प्रथम एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. नुसत्या मेणाचा साबण होत नाही. मेणाचा साबण म्हणजे तेलाचा साबण, त्यात चिमूटभर मेण. असे का, हे समजून घेतले म्हणजे पुढची कृती आपोआप समजते, आणि फसवणूकही टळते.

मेण म्हणजे काय? आज आपण ज्यास मेणबत्ती म्हणतो तिच्यात बहुधा मधमाशीचे मेण नसतेच. ते खनिज तेलातून निघालेले पॅराफिन असते. खरे मेण आपल्या घरांत होते ते आजीच्या फणेरपेटीत. कपाळाला आधी मेणाचा ठिपका लावावयाचा आणि त्यावर कुंकू रेखावयाचे, म्हणजे ते घामाने ओघळत नसे. चांभार दोऱ्याला मेण चोळतो. मूर्तिकार आधी मेणाची मूर्ती करतो, तिच्यावर मातीचा लेप देतो, आणि तापवून मेण बाहेर काढले की त्या पोकळीत धातू ओततो. या विद्येचे वर्णन चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे, आणि तीस नावही सुरेख आहे : मधूच्छिष्ट विधान. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे. मध काढून घेतल्यावर जे उरते ते मेण.

हे उष्टे मात्र माशीस फार महाग पडते. सुमारे बारा ते अठरा दिवसांच्या वयाच्या कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून मेणाचे बारीक पापुद्रे सुटतात, ते ती चावून मऊ करते आणि षट्कोनी घरे बांधते. एक किलो मेण घडविण्यासाठी माशा सहा ते आठ किलो मध खर्ची घालतात असा अंदाज जाणकार देतात. कामकरी हा शब्द आम्ही येथे मुद्दाम वापरलेला नाही. मधमाशीच्या शास्त्रातच तो शब्द आहे.

आपल्या भागात माशीच्या तीन जाती ओळखीच्या आहेत. उंच झाडांना, कड्याकपारींना एकच भले मोठे पोळे लावणारी आग्या माशी. झाडाच्या ढोलीत अनेक पोळी लावणारी, पेटीत पाळता येणारी सातेरी. आणि झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी. परदेशी मेलिफेरा जात आता पेट्यांतून पाळली जाते ती निराळी. जंगलातून जे मेण येते त्यातील मोठा भाग आग्या मोहोळाचा. ते काढणारा माणूस कोण असतो? जंगलाकाठचा आदिवासी. रात्रीच्या अंधारात, धूर देत, झाडावर किंवा दोरावर लोंबकळत तो हे काम करतो. मध सर्वांना हवा असतो, म्हणून मधाचा भाव निदान चर्चेत तरी येतो. मेणाचा येत नाही. ते गठ्ठ्याने, डोळ्यांच्या अंदाजाने उचलले जाते. याकडे पुढे येऊ.

आता साबण. तेलाचा एक कण म्हणजे ग्लिसरीनच्या एका दांडीला टांगलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या, असे समजावे. कॉस्टिक सोड्याचे पाणी त्यात मिसळले की सोडा त्या तिन्ही साखळ्या दांडीवरून सोडवितो आणि स्वतः त्यांना चिकटतो. सोड्याशी जोडलेली मेदाम्लाची साखळी हाच साबण. मोकळी झालेली दांडी हे ग्लिसरीन. साखळीचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलकट मळाकडे. मळ धरून ती पाण्याबरोबर निघून जाते. एवढीच त्यातली किमया. फ्रान्समध्ये शेव्रल नावाच्या रसायनज्ञाने १८२३ साली ग्रंथ लिहून तेल-चरबीचे हे अंतरंग उलगडले. त्याच्या आधी शतकानुशतके साबण होतच होता, पण तो का होतो हे कोणास ठाऊक नव्हते. त्याच देशात लब्लांने १७९१ साली मिठापासून सोडा करण्याचा मक्ता मिळविला होता. तोवर सोडा झाडपाल्याच्या राखेतून काढीत.

आपल्याकडे अंगाला शिकेकाई, रिठा, उटणे, आणि कपड्याला खारी माती व राख, यांवर भागत असे. विलायती सनलाइट साबणाची खोकी कलकत्त्याच्या बंदरात १८८८ साली उतरली, आणि पुढे १९३४ साली लिव्हर ब्रदर्सचा कारखाना मुंबईत शिवडीस उभा राहिला. त्या दरम्यान, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास, अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न वापरता केवळ वनस्पतींच्या तेलापासून साबण करून बाजारात आणला. ज्या देशात चरबीच्या काडतुसांवरून काय घडले ते सर्वांना माहीत आहे, तेथे या गोष्टीचे महत्त्व सांगावयास नको. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने कडुनिंब, करंज, मोह अशा न खाण्याजोग्या तेलांचा साबण हा ग्रामोद्योग म्हणून धरला. खाण्याचे तेल ताटात राहावे आणि साबणाने रानातल्या बिया वापराव्यात, हा विचार आम्हांस आजही बिनतोड वाटतो.

मेणाची घडण तेलाहून वेगळी आहे. त्यात ग्लिसरीनची दांडी नाही. एका टोकाला लांबलचक मेदाम्ल आणि दुसऱ्या टोकाला त्याहून लांब असा मेणाचा अल्कोहोल, अशी ती मुख्यतः जोडी असते; जोडीला थोडी मोकळी आम्ले आणि सोडा ज्यांना शिवतही नाही असे काही पदार्थ. सोड्याने ही जोडी फोडली की आम्लाचा साबण होतो, पण तो अल्कोहोल तसाच राहतो. म्हणजे मेणाचा जवळजवळ अर्धा भाग साबण होतच नाही. तो वडीत राहून वडी कठीण करतो, पाण्यात लवकर विरघळू देत नाही, त्वचेवर किंचित मऊ थर ठेवतो. पण फेस मारतो. शंभर भाग तेलात एक ते तीन भाग मेण ठीक. पाच-सहाच्या वर गेलात तर हाती येईल तो साबण नव्हे, न फेसाळणारी मेणवडी. तेव्हा ‘आमच्या साबणात भरपूर मेण आहे’ असे कोणी सांगू लागला, तर एक तर ते खरे नाही, नाही तर तो साबण चांगला नाही.

आता हिशेब, आणि येथे वाचकांनी पेन्सिल हाती घ्यावी. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा निराळा असतो. पगारपत्रकात जसा प्रत्येक कामाचा दर निराळा असतो तसा. १०० ग्रॅम खोबरेलास सुमारे १८.३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, शेंगदाण्याच्या तेलास १३.६, एरंडेलास १२.८, करंजाच्या तेलास सुमारे १३.३, आणि मेणास अवघा ६.७. घरगुती घाण्यासाठी आम्ही असे प्रमाण धरतो : खोबरेल २५० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, एरंडेल ३५ ग्रॅम, मेण १५ ग्रॅम. एकूण ५०० ग्रॅम. यास पुरता सोडा ७८.४ ग्रॅम होतो. पण आपण ७४ ग्रॅमच घालावयाचा. म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास तेल मोकळे राहते, आणि मोकळा सोडा राहण्याची भीती राहत नाही. पाणी १८० ग्रॅम.

सर्व काही वजनाने घ्यावे, वाटीने किंवा पेल्याने नव्हे. आणि एक तेल बदलले तर सोडा बदललाच पाहिजे. ‘खोबरेल महाग आहे, त्याऐवजी करंजाचे घालू’ असे म्हणून कोणी सोडा तेवढाच ठेवला, तर काय होईल ते पाहा. २५० ग्रॅम करंजतेलास खोबरेलापेक्षा साडेबारा ग्रॅम सोडा कमी लागतो. आपण राखलेली सवलत होती साडेचार ग्रॅमच्या आत. बाकीचे आठ ग्रॅम कॉस्टिक त्या साबणात मोकळे राहील, आणि तो साबण लेकराच्या अंगाला लागेल. ऐकीव कृतीवर साबण करू नये असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

सोड्याविषयी थोडे थांबून बोलणे अवश्य आहे. आपल्या भाषेत तीन वेगवेगळ्या वस्तूंना सोडा म्हणतात. खाण्याचा सोडा भज्यांत पडतो. धुण्याचा सोडा कपड्यांत पडतो. या दोहोंनी तेलाचा साबण घरी होत नाही. तिसरा कॉस्टिक सोडा. पांढऱ्या पापुद्र्यांच्या किंवा मण्यांच्या रूपात मिळतो, आणि तो मांस जाळतो. दिसावयास तो मिठासारखा, साखरेसारखा निरुपद्रवी दिसतो हीच त्याची मोठी खोड. एका प्रोसेस हाउसमध्ये कॉस्टिकच्या पाण्याचा शिंतोडा उडून आमच्या ओळखीच्या एका कामगाराचा एक डोळा गेला. वीस रुपयांचा चष्मा तेथे नव्हता. घरात तर मालकही आपणच आणि कामगारही आपणच, तेव्हा चष्मा न घेण्यास निमित्त उरत नाही.

म्हणून हे नियम. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून डबा कुलपात ठेवावा. काम उघड्या ओटीवर करावे. मुले, कोंबड्या, मांजर दूर. डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. भांडी स्टीलची. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले चुकूनही नको. कॉस्टिक ते खाते आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. सोडा नेहमी पाण्यात घालावा, थोडा थोडा, ढवळीत. पाणी सोड्यावर ओतू नये, ते उकळून अंगावर उडते. वाफ उठेल तेव्हा तोंड बाजूला. अंगावर पडलेच तर ओला कपडा ताबडतोब काढून वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरावे. लिंबू, व्हिनेगर चोळीत बसू नये. डोळ्यात गेले तर तसेच पाणी सोडीत थेट दवाखाना गाठावा.

मेण पोळ्यातून काढणे हे त्यामानाने गोड काम. मध निथळून गेलेले पोळे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून गरम पाण्यात बुडवून ठेवावे. मेण ६२ ते ६५ अंशांच्या सुमारास वितळते, फडक्यातून पाझरते आणि पाण्यावर तरंगते. गार झाले की वरची चकती उचलून घ्यावी. तिच्या बुडाला लागलेला गाळ खरवडावा. जुन्या काळ्या पोळ्यात पिलावळीच्या कोशांचा चोथाच फार, मेण थोडे. मेण थेट विस्तवावर कधी ठेवू नये, ते पेटते. विकत घेतलेल्या मेणाचा तुकडा थंड असता मोडून पाहावा : खऱ्या मेणाची मोड मंद, रवाळ दिसते, आणि वास मधाची आठवण करून देतो. पॅराफिनची भेसळ असेल तर तेवढ्या भागाचा साबण होणारच नाही, कारण सोडा पॅराफिनला स्पर्शही करीत नाही.

मेणाच्या साबणातली खरी अडचण उष्णतेची आहे. साधा साबण कोमट तेलातही जमतो. मेण घातले की ६५ अंशांच्या खाली ते गोठू लागते, आणि मिश्रण दाटले असा भास होतो. आत मात्र साबण झालेला नसतो. म्हणून गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरे पातेले ठेवून आधी खोबरेलात मेण वितळवावे, मग बाकीची तेले घालून सारे ७० अंशांवर न्यावे. सोड्याचे पाणी आपोआपच खूप तापलेले असते, ते ६५च्या आसपास आले की बारीक धारेने तेलात सोडावे आणि ढवळीत राहावे. तापमापक घ्यावाच, बोट बुडवून अंदाज घेण्याचे हे दूध नव्हे. लाकडी रवी चालते, पण ती पुन्हा ताकात जाता कामा नये. मेणामुळे मिश्रण लवकर घट्ट होते. रवीतून पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ ठेवू लागली की लगेच साच्यात ओतावे. सुवासासाठी काही घालावयाचे तर आधीच हाताशी असू द्यावे, कारण शोधाशोध करावयास वेळ मिळत नाही. साचा म्हणून आत तेलकागद लावलेले पुठ्ठ्याचे खोके पुरे. वर फडके टाकून एक दिवस हात लावू नये. दुसऱ्या दिवशी मोजे घालून वड्या पाडाव्यात आणि हवेशीर फळीवर चार ते सहा आठवडे सुकू द्याव्यात. या काळात पाणी उडते, उरलासुरला सोडा कामी येतो आणि साबण सौम्य होतो.

तयार साबणाची परीक्षा हळदीने करावी, असे काही जण सांगतात. हळद लाल झाली की सोडा मोकळा आहे म्हणे. हे बरोबर नाही. हळदीचा डाग पडलेला सदरा साबणाने धुताना लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. उत्तम साबणही किंचित क्षारधर्मी असतोच, त्यामुळे हळद त्याच्यानेही लाल होणार. फेनॉल्फथॅलिनचा थेंब ताज्या कापावर टाकावा. गडद गुलाबी झाला तर तो साबण अंगाला लावू नये.

पाण्याबद्दल गणेशपुरीकरांस वेगळे सांगावे लागेल. तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे जी गरम पाण्याची कुंडे आहेत, त्यांच्या पाण्यात क्षार विपुल आहेत. मीठ आहे आणि चुनखडीच्या जातीचे कॅल्शियमही आहे. कॅल्शियम साबणाला भेटले की न विरघळणारी चिकट साय तयार होते आणि फेस येत नाही. जड पाण्याच्या विहिरीवर हाच अनुभव येतो. तेव्हा कुंडाच्या पाण्यात साबण करण्याचा मोह धरू नये. ‘तीर्थाच्या पाण्याचा साबण’ असे नाव खपेल खरे, पण साबण वाईट होईल, आणि श्रद्धेवर नफा काढणे आम्हांस मुळातच रुचत नाही. पावसाचे गाळलेले किंवा शुद्ध केलेले पाणी घ्यावे. कुंडावर साबण लावून अंघोळ करणाऱ्यांसही हेच सांगणे : साबण वाया जातो आणि साय कुंडात राहते.

आता विक्रीची गोष्ट. घरच्यापुरता साबण करावयास कोणाची परवानगी लागत नाही. परंतु अंगाचा साबण विकण्यासाठी करावयाचा, तर तो कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरतो आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. बचत गटाने कर्ज काढून साचे आणि तेलाचे डबे घेण्याच्या आधी ही चौकशी करावी, नंतर नव्हे. शिवाय खरूज, इसब बरे करतो असे वेष्टनावर छापू नये. साबण मळ काढतो. औषधाचे काम औषधाकडे राहू द्यावे.

आणि भाव ठरविताना मेणाचा हिशेब नीट मांडावा. ५०० ग्रॅम तेलाच्या घाण्यात मेण १५ ग्रॅम. म्हणजे एक किलो मेण ३३ किलो तेलास पुरते. एका वडीत अडीच ग्रॅमही मेण नसते. वडीवर नाव मात्र त्या अडीच ग्रॅमांचेच, आणि जास्त किंमत येते तीही त्या नावामुळे. तेव्हा मेण आणणाऱ्या आदिवासीस उद्या दुप्पट भाव दिला तरी वडीच्या खर्चात जाणवण्याजोगा फरक पडणार नाही. यात घासाघीस करणे हे काटकसरीत मोडत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांत मध आणि मेण ही दोन्ही नावे घालून त्यांच्या मालकीचा हक्क वनवासी जनांस दिला आहे. मेण त्यांच्या मालकीचे आहे, तर वजनकाटा त्यांच्या डोळ्यांसमोर लागला पाहिजे आणि पैसे त्याच दिवशी हाती पडले पाहिजेत.

त्याचबरोबर पोळे कसे काढले याचीही विचारपूस घेणाऱ्याने करावी. सबंध पोळे जाळून, पिलावळीसकट उतरविले तर ती वसाहत संपते. मधाचा भाग तेवढा कापून पिलावळीचा भाग ठेवला तर माशा पुन्हा बांधू शकतात. हे शिक्षण देणारी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे. महाबळेश्वराच्या डोंगरात तर मधपाळांच्या सहकारी संस्थेची जुनी परंपरा आहे, आणि त्याच भागातील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. आपल्या तालुक्यातील चार तरुणांनी तेथे जाऊन सातेरीच्या पेट्या पाहून याव्यात. पेटीतून मेण थोडे मिळते, पण दरवर्षी मिळते, आणि झाडावरून पडून कोणी हातपाय मोडून घेत नाही.

शेवटी हंगाम. ग्लिसरीन हवेतील ओल ओढते, म्हणून आपल्या पावसाळ्यात घरच्या साबणाला घाम सुटतो आणि वड्या सुकता सुकत नाहीत. चैत्रात पाडलेल्या वड्या पाऊस लागण्याच्या आत तयार होतात. त्या मग कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, चुलीजवळच्या कोरड्या फळीवर ठेवाव्यात. आणि पुढचा घाणा दिवाळीनंतर घालावा.